स्वतःच्या जागेतली रेंज: एक डॉक्टर, एक सैल फरशी आणि दहा मीटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे कसंय ना' झाले ते काढून टाकलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय: स्वतःच्या जागेत, स्वतःच्या खर्चाने नेमबाजीची रेंज बांधणारी माणसं. हे ऐकलं की डोळ्यासमोर एकतर शिकारी राजेमहाराजे येतात, नाहीतर हॉलिवूडच्या सिनेमातला टेक्सासचा गडी. त्या दोघांनाही आज सुट्टी. मला ज्यांच्यात रस आहे त्यांनी रेंज बांधली ती हौस म्हणून नाही. त्यांना एक बग सापडत नव्हता म्हणून. आमच्या धंद्यात रात्री दोन वाजता जो चेहरा होतो, तो चेहरा घेऊन ही माणसं जमीन मोजायला निघाली. अशा दोघांची गोष्ट सांगतो. एकाने जगातला सगळा गोंधळ रेंजच्या बाहेर ठेवला. दुसऱ्याने तो गोंधळ मुद्दाम आत आणला.

पहिला माणूस अमेरिकेतला, डॉ. फ्रँकलिन मॅन. जन्म १८५६. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी, मग बोस्टन विद्यापीठातून एमडी. पण डॉक्टरकी फार केली नाही. कोंबड्यांना खाऊ घालायला ताजी हाडं बारीक करणारं एक यंत्र त्याने काढलं, मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड गावात कारखाना टाकला आणि चांगला पैसा कमावला. बीटेक करून भलतंच काहीतरी करणाऱ्या आपल्या पिढीला हा माणूस ओळखीचा वाटायला हरकत नाही.

त्याला छळणारा प्रश्न साधा होता. तीच रायफल, तीच दारू, त्याच साच्यातली गोळी, तोच नेम. मग दोन गोळ्या एकाच भोकातून का जात नाहीत? त्या काळच्या नेमबाजांकडे उत्तरं भरपूर होती. वारा होता, हात हलला, दारू दमट होती, नळी तापली. प्रत्येकाची आपापली थिअरी आणि प्रत्येकाचा तिच्यावर ठाम विश्वास. आमच्याकडे कसं, काही चाललं नाही की एक जण म्हणतो कॅशे साफ कर, दुसरा म्हणतो रिस्टार्ट कर, आणि चुकून चाललंच तर दोघंही म्हणतात, बघ, मी सांगितलं होतं.

मॅनने काय केलं, तर एकेक कारण उचलून रेंजबाहेर काढायला सुरुवात केली. आणि हे सार्वजनिक रेंजवर शक्यच नव्हतं. तिथे तुम्ही तासभर बार काढून घरी जाता. जमीन खोदता येत नाही, भिंत उभी करता येत नाही, मांडून ठेवलेला प्रयोग सहा महिने तसाच ठेवता येत नाही. त्यासाठी जागा आपलीच लागते.

सगळ्यात आधी त्याने माणूस काढला. जमिनीत काँक्रीटचा भक्कम ठोकळा बसवला आणि त्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेलं लोखंडी बैठक-यंत्र. रायफलचा लाकडी दस्ता बाजूला, खांदा बाजूला, डोळा बाजूला. नुसती नळी त्या खाचेत ठेवायची आणि बार काढायचा. या ठोकळ्याला त्याने नाव दिलं 'शूटिंग जिब्राल्टर'. जिब्राल्टरचा खडक जसा हलत नाही, तसा हा. आता गोळी इकडेतिकडे गेली तर हात हलला असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

मग वारा. तर गोळीच्या वाटेवर आच्छादन घालून लांबलचक बोगद्यासारखी रचना केली. आता वाऱ्यालाही दोष देता येईना.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं. वाटेत ठरावीक अंतरावर त्याने पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी प्रत्येक पडद्याला भोक पाडत पुढे जाणार. भोक गोल असेल तर गोळी सरळ चालली आहे, लांबट असेल तर ती तिरपी झाली आहे. एका पडद्यापासून दुसऱ्यापर्यंत भोक किती सरकलं ते मोजलं की वाट कळते. अहो, हे लॉगिंग आहे! शेवटी काय झालं एवढंच न बघता मध्ये प्रत्येक पायरीवर काय झालं याची नोंद. आणि हे सगळं संगणक येण्याच्या कितीतरी आधी, कागद, डिंक आणि मोजपट्टीवर.

उत्तर काय निघालं? त्याने गोळ्या मुद्दाम बिघडवून उडवल्या. काहींचं नाक चेपवलं, काहींचं बूड खरवडलं. कुणालाही वाटेल की हवा कापत जाणारं नाक महत्त्वाचं. पण नाक चेपलेल्या गोळ्या फारशा भरकटल्याच नाहीत. बूड बिघडलेल्या मात्र चांगल्याच भरकटल्या. कारण गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी मागचा दाबलेला वायू तिच्या बुडाच्या कडेने बाहेर पडतो. कड सगळीकडून सारखी असेल तर तो सारखा पडतो. एका बाजूला खरचटलेली असेल तर त्या बाजूने आधी पडतो आणि गोळीला जाता जाता धक्का देतो. दुसरी गोष्ट तोलाची. गोळीचं वजन अगदी मध्यावर नसेल तर नळीत ती गपगुमान फिरते, नळीने तिला धरलेलं असतं ना, पण सुटली की तिरकी निघते. म्हणजे घोटाळा वाऱ्याच्याही आधी, नळीच्या तोंडाशीच झालेला असतो.

कित्येक वर्षांचे हे प्रयोग त्याने १९०९ मध्ये 'द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट' या पुस्तकात छापले. फसलेल्या प्रयोगांसकट. मला त्या पुस्तकात सर्वात मोठं वाटतं ते हेच. मॅन १९१६ मध्ये गेला. आजही काडतुसांची चाचणी घेताना अशी जाड, बैठकीत घट्ट बसणारी नळी वापरतात, आणि तिला 'मॅन बॅरल' म्हणतात. कोंबड्यांच्या खाद्यातून कमावलेल्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका खासगी रेंजचं हे उरलेलं नाव.

आता भारतात येऊ. पण आपल्याकडे यायचं तर कायद्याच्या दारातून यावं लागतं. गावाला दीड एकर आहे, बांधावर रेंज टाकू का, असं विचारणाऱ्यांनी हा भाग जरा नीट वाचा. पॉइंट टू टू रायफलला परवाना लागतो, काडतुसांचा हिशेब लागतो, आणि त्या गोळीला ५० मीटरची मोकळी लांबी आणि मागे भरवशाची भिंत लागते. जमीन तुमची असली तरी तिच्यावर परवान्याची बंदूक हवी तशी चालवता येत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं. राधानगरी तालुक्यात मोकळी जागा कमी नाही, पण हा खेळ परसात होत नाही. त्याला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुण्याला बालेवाडीतच यावं लागलं.

एअर रायफलचं तसं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. (तरी पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. शेजाऱ्यांनाही.) म्हणून आपल्याकडे घरची रेंज म्हणजे बहुतेक वेळा दहा मीटरची एअर रायफल किंवा पिस्तूल. दहा मीटर म्हणजे टू-बीएचकेच्या मुख्य दारापासून मागच्या बाल्कनीपर्यंत, मधली दारं उघडी ठेवली तर. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, त्याच्यावर निदान १५०० लक्स उजेड, मागे छर्रे अडवणारी पेटी. ऐकायला सोपं वाटतं. पण एअर रायफलच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा असतो साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ज्याच्यावर नेम धरायचा ते गोळीच्या नवव्या हिश्श्याएवढं. या आकड्यांत पायाखालची जमीन किती हलते यालाही अर्थ येतो. आपली गोष्ट तिथेच जाणार आहे.

दुसरा माणूस तुम्ही ओळखलाच असेल. अभिनव बिंद्रा. चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरला वडिलांनी घराच्या आवारातच त्याच्यासाठी रेंज बांधून दिली. एअर कंडिशन्ड, स्पर्धेसारखं इलेक्ट्रॉनिक टार्गेट लावलेली. झोपेतून उठायचं आणि चालत जाऊन सराव सुरू करायचा. या रेंजवरून त्याच्यावर टोमणे भरपूर झाले की श्रीमंत बापाचा मुलगा आहे, त्याला काय. पैसा होता हे खरंच आहे आणि त्यानेही ते कधी लपवलं नाही. मॅनकडेही होता. पण त्या पैशाने नेमकं काय विकत घेतलं ते बघितल्याशिवाय टोमणा मारण्यात मजा नाही.

२००० चं सिडनी. वय १७, पात्रता फेरीत अकरावा. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या अंजली भागवत फायनलला पोचल्या होत्या, हे जाता जाता. मग २००४ चं अथेन्स. तिथे पात्रता फेरीत बिंद्राने ६०० पैकी ५९७ काढले, तिसऱ्या क्रमांकाने फायनलमध्ये गेला. आणि फायनलमध्ये आठ जणांत सातवा आला. पात्रतेत जवळजवळ अचूक असलेला माणूस दहा बारांत घसरला. त्याला काही कळेना. तंत्र तेच होतं, शरीर तेच, रायफल तीच.

पुढे उलगडा झाला तो असा: अथेन्सला तो ज्या जागेवर उभा होता तिथली फरशी सैल होती. पायाखाली ती हलत होती.

दुसरा कुणी असता तर आयुष्यभर ही फरशी सांगत बसला असता. लग्नात, पार्टीत, मुलाखतीत. आणि खोटंही नव्हतं ते. बिंद्राने काय केलं, तर घरच्या रेंजमध्ये सैल फरशीवर उभं राहून सराव करायला घेतला. सगळं सुरळीत असलेली जी जागा एवढ्या खर्चाने बांधली, तिच्यात त्याने स्वतःच्या हाताने बिघाड आणून ठेवला.

आमच्या क्षेत्रात एक वाक्य आहे, ऐकलं की मॅनेजरच्या कपाळाची शीर ताडताड उडते: 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित, लोकांच्या फोनवर गेलं की ॲप आडवं. झिरकपूरची रेंज म्हणजे तो लॅपटॉप होता. तापमान ठरलेलं, उजेड ठरलेला, आवाज नाही, माणूस नाही. तिथे तो जवळपास चुकतच नसणार. घरच्या रेंजचा धोका हाच असतो. ती तुम्हाला तुमच्याच सोयीची सवय लावते, आणि तुम्हाला वाटतं की आपण तयार आहोत.

मधल्या काळात पाठीचं दुखणं झालं, त्यातून उठून २००६ मध्ये झाग्रेबला तो विश्वविजेता झाला. बीजिंग जवळ आलं तेव्हा त्याला कळलं की फायनलचा हॉल प्रचंड मोठा असणार आहे. घरची रेंज अगदीच आटोपशीर. मोठ्या पोकळीत उभं राहिलं की अंतर वेगळं भासतं, टार्गेट लहान वाटतं, स्वतःचा श्वास ऐकू येतो. मग त्याने लग्नाचा हॉल भाड्याने घेतला आणि तिथे टार्गेट लावून सराव केला. ज्या हॉलमध्ये एरवी वऱ्हाडी जेवतात आणि डीजे वाजतो, तिथे हा पठ्ठ्या एकटा उभा राहून दहा मीटरवरच्या ठिपक्यावर छर्रे मारतोय. जिची जमीन आपली, जिची भिंत आपली, ती रेंज सोडून भाड्याच्या हॉलमध्ये. मॅनने असं कधी केलं नसतं. त्याला उत्तर हवं होतं गोळीबद्दल, आणि गोळीला लग्नाच्या हॉलची भीती वाटत नाही.

११ ऑगस्ट २००८. बीजिंग. पात्रतेत ५९६, चौथा क्रमांक. फायनलच्या आधी चाचणीचे काही बार मिळतात, ते मोजले जात नाहीत. त्यातला बिंद्राचा पहिलाच छर्रा चारच्या घरात गेला. ऑलिंपिक फायनलच्या नेमबाजाचा छर्रा चारला जाणं म्हणजे तुम्ही रोजच्या जिन्यात पडण्यासारखं आहे. रायफलची साइट हलली होती. कशी हलली हा वेगळा विषय, त्यावर बऱ्याच शंकाकुशंका झाल्या, मी त्यात पडत नाही. उरलेल्या मिनिटांत साइटचे खटके फिरवत त्याला ती परत जागेवर आणायची होती, आणि ते त्याने केलं. मोजला गेलेला पहिला बार १०.७.

शेवटच्या बाराआधी बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाकिनेन यांचे गुण अगदी सारखे होते. हाकिनेनचा गेला ९.७. बिंद्राचा १०.८. एकूण ७००.५. मागच्या वेळचा सुवर्णविजेता, चीनचा झू चीनान ६९९.७ वर राहिला. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण.

सैल फरशीमुळे पदक मिळालं असं मी म्हणणार नाही. असे हिशेब स्पर्धा झाल्यावर फार सोपे असतात. पण फायनलच्या तोंडावर साइट हललेली सापडली तेव्हा 'हे असं व्हायला नको होतं' असं वाटून हातपाय गाळणाऱ्या माणसाने गेली चार वर्षं तशी घालवली नव्हती, एवढं म्हणतो. आणि २०१६ ला रिओमध्ये हाच माणूस कांस्यपदकाच्या दारातून परत आला, शूट-ऑफमध्ये १०.५ विरुद्ध १०.०, चौथा. तेव्हाही तयारी कमी नव्हती.

इथे एक अडचण उरते. दोन्ही माणसं पैसेवाली. मग घरची रेंज ही श्रीमंतांचीच गोष्ट का? २०२० पर्यंत मीही बहुधा 'हो' म्हटलं असतं. मग टाळेबंदी आली. रेंज बंद, शिबिरं बंद, आणि देशातल्या नेमबाजांनी घराच्या गच्चीवर, बोळात, हॉलमध्ये टार्गेट लावली. त्या एप्रिलमध्ये चक्क ऑनलाइन स्पर्धा झाली. खेळाडू आपापल्या घरात, कॅमेरा टार्गेटवर, गुण स्क्रीनवर. वर्क फ्रॉम होममध्ये आमची पहिली स्टँडअप मीटिंग ज्या दिवसांत अडखळत चालली होती, त्याच दिवसांत. पुढच्या वर्षी टोकियोला पंधरा नेमबाज गेले आणि ऑलिंपिकचं एकही पदक आलं नाही. याचं खापर घरच्या सरावावर फोडू नका. ती मंडळी टोकियोआधी बराच काळ क्रोएशियात एकत्र सराव करत होती.

पण त्याच टोकियोत काही आठवड्यांनी पॅरालिंपिक झालं. जयपूरची अवनी लेखरा. २०१२ मध्ये, लहान असताना गाडीच्या अपघातात तिच्या कमरेखालचा भाग निकामी झाला. वडिलांनी तिला रेंजवर नेलं, बिंद्राचं आत्मचरित्र तिच्या हातात पडलं आणि ती या खेळात आली. व्हीलचेअरवरच्या मुलीसाठी रेंजवर रोज जाणं म्हणजे काय ते कल्पना करून बघा: गाडी, उतरणं, चढणं, रॅम्प आहे की नाही. अशा वेळी भारतीय क्रीडा प्राधिकरणाने तिच्या घरीच इलेक्ट्रॉनिक टार्गेट बसवून दिलं. जागा खासगी, खर्च सरकारी. या सगळ्या इतिहासात मला हा जोड नवा वाटतो. मॅनने आणि बिंद्राने आपल्या पैशाने जो प्रश्न सोडवला होता, तो इथे लोकांच्या पैशाने, एका घरातल्या दहा मीटरमध्ये सुटला.

आणि तिच्या प्रशिक्षक होत्या सुमा शिरूर. अथेन्सला, बिंद्राच्या त्याच ऑलिंपिकमध्ये, महिलांच्या एअर रायफल फायनलमध्ये खेळलेल्या. आपल्या पनवेलमध्ये त्यांनी पुढे लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. बिंद्राची रेंज एकट्यासाठी होती. पनवेलची अनेकांसाठी आहे, लोकलने येऊन सराव करणाऱ्या मुलामुलींसाठीसुद्धा.

३० ऑगस्ट २०२१ ला अवनीने २४९.६ गुणांनी सुवर्ण घेतलं. पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला. तीन वर्षांनी पॅरिसला, तारीख परत ३० ऑगस्टच, २४९.७. परत सुवर्ण.

चला, आज इथेच थांबू. पुढच्या भागात नेमबाजीच्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटबद्दल बोलायचं डोक्यात आहे. छर्रा कुठे लागला हे मशीनला नुसत्या आवाजावरून कळत होतं, ती गंमत. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरात, गोठ्यात, गच्चीवर असं टार्गेट लावलेलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. फोटो नको, किस्सा हवा.